चौथी खाच

बसा, यझाकिसान. कोट लगेच काढू नका, स्टोव्ह आत्ताच पेटवलाय. सुवाहून या धुक्यात आलात, उपकारच झाले. फोनवर मी एवढंच म्हणाले की पितळेत डाख भरायचाय, अवजारं घेऊन या. तुम्ही मनात म्हणाला असाल, या हामाबाईला परक्या हाताची गरज कधीपासून पडायला लागली? खरं आहे. वीस वर्षं आपल्या कॅमेऱ्याच्या कारखान्यात आणि पुढची तेरा या दुरुस्तीच्या दुकानात, मी कुणाला माझ्या टेबलापाशी फिरकू दिलं नाही. पण आज हे हात बघा. चहासुद्धा तुम्हीच ओता. ते पाल्याचं लोणचं या वर्षीचं आहे, घ्या.

समोर वाम मासे विकणाऱ्या मियासाकासानच्या घरात दिवे आणि काळ्या कपड्यांतली माणसं दिसली असतील तुम्हाला. त्यावरही येते. काम तासाभराचं आहे. पण आधी सगळं ऐकून घ्या, कारण न विचारता हात लावायची चूक मी केली.

सोमवारी सकाळी ओगुची सेत्सुबाई आल्या. स्टेशनसमोरचा ओगुची फोटो स्टुडिओ, तुमच्या लग्नाचे फोटोही त्यांच्या नवऱ्यानंच काढले असतील. ते या वसंतात गेले. बाईंनी फडक्याची गाठ सोडून कॅमेरा टेबलावर ठेवला. हाच. दोन भिंगांचा, छातीशी धरून वरून डोकवायचा. एका रिळात बारा चौकोनी फोटो. चामडं झिजलंय, पण भिंगावर एक ओरखडा नाही. माणसानं जीव लावलेली वस्तू होती ती, लगेच कळलं.

बाई म्हणाल्या, तीननंतर एकदम पाच येतो. फिल्म गुंडाळायचं हँडल फिरवलं की एकला थांबतं, दोनला थांबतं, तीनला थांबतं आणि मग थांबतच नाही, थेट पाचवर. रीळ बाराचं आणि फोटो निघतात अकरा. नवरा असेपर्यंत त्यांनी या कॅमेऱ्याला हात लावला नव्हता, ते लावूच द्यायचे नाहीत. त्यामुळे आपलंच काही चुकत असेल असं त्यांना वाटत होतं. शनिवारी सात-पाच-तीनचा सण, त्या वयाची पोरं नटून देवळात जातात तो. नात मिनोरि यंदा सातची झाली. पोरीला आई नाही, बाप ट्रक चालवतो, आठवड्यातनं एकदा घरी. आजी आणि नात, एवढाच त्यांचा संसार.

"आजोबांच्या कॅमेऱ्यानंच तिचा फोटो काढायचाय," त्या म्हणाल्या. "ते असते तर त्यांनीच काढला असता. एवढी एकच हौस राहिलीय बघा माझी."

मी म्हटलं, शनिवारच्या आत देते. अगदी छाती ठोकून म्हटलं.

तुम्हाला काय सांगायचं, फिल्म नीट गुंडाळली जात नाही या तक्रारीत दहातली आठ गिऱ्हाइकांचीच चूक असते. कागदावरची बाणाची खूण आतल्या ठिपक्याशी जुळवायची असते, ती कुणी जुळवत नाही. नाहीतर रिकामं रीळ खोबणीत पुरतं बसलेलं नसतं. नाहीतर कागद सैल गुंडाळला जातो, रीळ फुगतं आणि कडेनं उजेड खातं. मी बाईंना माझ्यासमोर फिल्म भरायला लावली. बाण ठिपक्यावर, रीळ घट्ट. इतकी व्यवस्थित भरली की मला राग आला. मग वाटलं जुनं तेल चिकटलं असेल, स्प्रिंग थकली असेल. तेल स्वच्छ होतं, स्प्रिंगही उत्तम. मग कुशीवरचं झाकण काढलं.

आत मोजणीची चकती असते, बारा खाचांची. हँडल फिरतं तशी चकती फिरते, खाच आली की खिट्टी तीत पडते, खट् आवाज होतो आणि हँडल अडतं. फोटो काढला की खिट्टी उचलली जाते. साधं गणित आहे. इथे खाचा अकराच होत्या. चौथी बुजवलेली होती. झिजून नाही हं, कुणीतरी मुद्दाम पितळेचा डाख भरून, घासून, अशी गुळगुळीत केलेली की नखाला जोड लागेना. आपल्या कारखान्यातल्या जुन्या मास्तरांना तरी जमलं असतं का कोण जाणे.

ते पाहून मी हसले, यझाकिसान. खरंच हसले. चारला आपण 'शि' म्हणतो आणि मरणालाही 'शि'. इस्पितळात चार नंबरची खोली नाही, आहेरात चार वस्तू द्यायच्या नाहीत. लग्नाकार्याचे फोटो काढणाऱ्या माणसानं चौथ्या घरात कुणाला बसवायचं नाही म्हणून खाचच बुजवून टाकली, यात मला काही नवल वाटलं नाही. दुसऱ्या कुठल्या देशात असते तर विचारलं असतं, का हो बुजवली? इथे ते उत्तर आपण पाळण्यातच शिकतो, म्हणून कुणी विचारत नाही. मीही नाही विचारलं. म्हटलं, काय हा म्हातारा! दर रिळाला एक फोटो वाया!

बारीक कानस घेतली आणि दोन दिवस बसून चौथी खाच पुन्हा कोरली. केसाचाही फरक नाही. तुम्ही तपासून बघा.

मग नेहमीप्रमाणे तपासणीचं जुनं निकामी रीळ भरलं, पाठ उघडी ठेवली आणि हँडल फिरवलं. एक, खट्. दोन, खट्. तीन, खट्. चारला हँडल जड झालं. अडलं नाही, जड झालं. दाराची कडी आपण इकडून फिरवावी आणि पलीकडे कुणाचा हात असावा, तसं. मग ते हळूच सैल पडलं आणि खिट्टी खाचेत बसली, पण आवाज झाला नाही. वास मात्र आला. तळ्याचं पाणी ओसरल्यावर काठच्या गाळाला येतो ना, तो. जुन्या चामड्यात ओल असेल, असं मी मनाला सांगितलं. खिट्टीला थेंबभर तेल दिलं. पुन्हा फिरवलं, पुन्हा तेच. पाचवर गेलं की सगळं सुरळीत.

शुक्रवारी सकाळी खरं रीळ भरलं. एक, भिंतीवरचं कॅलेंडर. दोन, ही खिडकी. तीन, स्टोव्हवरची किटली. चौथ्याला मी दारात गेले. समोर मियासाकासान कोळशावर वाम भाजत उभे होते. मला पाहिलं आणि पंखा हातात तसाच धरून पोट पुढे काढून उभे राहिले.

"पोट मावेल का गं त्यात?" त्यांनी ओरडून विचारलं. "नाहीतर दोनदा काढ, अर्धं अर्धं."

मी काढला. उरलेले आठ गल्लीचे, कावळ्यांचे, कशाचेही. रीळ काढून चिकटपट्टी लावली.

तेवढ्यात ओगुचीसान हजर. माझा नियम तुम्हाला ठाऊक आहे. तपासणीची फिल्म धुऊन, वाळवून, दिव्यासमोर धरून पाहिल्याशिवाय कॅमेरा हातातून सोडायचा नाही. पण बाई म्हणाल्या, उद्या सकाळीच देवळात जायचंय, आज जरा रिकाम्या कॅमेऱ्यावर हात बसवून घेते. मी हँडल फिरवून दाखवलं. चारवर थांबलं तसा त्यांचा चेहरा काय उजळला! दोन्ही हातांनी कॅमेरा घेतला, तीनदा वाकल्या. मला इतकं बरं वाटलं की नियम बाजूला ठेवला. दिला.

दुपारी अंधाऱ्या खोलीत गेले. तुम्हाला ठाऊक आहे, फिल्म डब्यात भरेपर्यंत तांबडा दिवासुद्धा चालत नाही. ठार काळोख. मी बोटांनी चाचपत फिल्म चक्रीवर चढवत होते. बाहेर गल्लीत आवाज नव्हता. आणि माझ्या उजव्या कानाशी, अगदी जवळ, खट्. थोड्या वेळानं खट्. मग पुन्हा. कॅमेरा तर ओगुचीसानच्या घरी होता. मी फिल्म हातात धरून उभी राहिले चौथ्याची वाट बघत. किती वेळ ते सांगता येत नाही. चौथा काही आला नाही... पण वास आला.

फिल्म धुऊन काढली, पाणी निथळलं, दिव्यासमोर धरली. अंतरं एकसारखी, एकावर एक फोटो चढलेला नाही, उजेड शिरलेला नाही. माझं काम चोख होतं. कॅलेंडर, खिडकी, किटली. चौथ्यात मियासाकासानची भट्टी होती, धूर होता, दुकानाचा पडदा होता. आणि पंखा होता. हवेत. जमिनीपासून दीड हात वर, तिरका, कुणी धरल्यासारखा. पडद्यावरचं मोठं अक्षर सबंध वाचता येत होतं. त्यांच्या पोटामागे ते अर्धं झाकलं जायला हवं होतं, यझाकिसान. तिथे पोटच नव्हतं.

मी कारागीर आहे, आधी दोष शोधला. भिंगामागचा पडदा फार वेळ उघडा राहिला तर हललेलं माणूस पुसट होतं, तसं झालं असेल? पण मी फोटो काढला होता एक शतांश सेकंदात. आणि माणूस पुसला जातो, त्याच्या हातातला पंखा राहतो? असा दोष मी तेहतीस वर्षांत पाहिला नाही.

संध्याकाळी मियासाकासान स्वतःच आले, फडक्याला हात पुसत. कुठाय माझा फोटो? मी खोटं बोलले. म्हटलं, फिल्म ओली आहे अजून.

"मग उद्या दे," ते म्हणाले. "मी कुठे पळतोय?"

रात्री दोनदा फोनपाशी गेले. काय सांगणार होते ओगुचीसानना? मी दुरुस्त केलेला कॅमेरा वापरू नका, त्यात माणूस दिसत नाही? बाई नातीचा किमोनो इस्त्री करत बसल्या असतील. मला लाज वाटली. माझं नाव जाईल अशीही भीती वाटली, खोटं कशाला बोलू. फोन नाही केला.

आज सकाळी समोरचं शटर वर गेलं नाही. आठ वाजता त्यांची बायको माझ्या दारात आली आणि म्हणाली, हे गेले. पाचला उठले, भट्टी पेटवायला निघाले, उंबऱ्यावर बसून एका पायात रबरी बूट घातला आणि दुसरा हातात तसाच राहिला. तिला वाटलं, डुलकी लागली.

मी त्यांच्या घरात गेले नाही. शेजारी तेरा वर्षांचे, आणि मी गेले नाही, फोनकडे धावले. ओगुचीसानकडे कुणी उचलेना. निघाल्या होत्या. मी तशीच, एप्रनवर, टेकडीच्या देवळाकडे पळत सुटले. वय बासष्ट. पण तेव्हा डोक्यात एकच होतं, चौथ्या फोटोच्या आत पोचायचं. पोरगी चौथ्यात सापडता कामा नये.

खालच्या कमानीपाशी पोचले आणि वर पाहिलं. सगळ्या पायऱ्यांवर नटलेली मुलं, लांब गोळ्यांच्या पिशव्या, आया, आजोबा. आणि अगदी वरच्या पायरीवर मिनोरि, लाल किमोनोत. शेजारी आजी वाकलेली. मी ओरडले. काय ओरडले असेन? चार नका काढू, चार नका काढू. सणाच्या दिवशी, देवळाच्या पायऱ्यांवर, पोराबाळांत एक बाई 'शि, शि' करत धावत येतेय! आयांनी मुलांचे कान झाकले. माणसं दोन्ही बाजूंना सरकली, एका म्हाताऱ्यानं तर मला शिवी घातली. मला मोकळी वाट मिळाली एवढंच मला समजलं. मी हात वर करून चढत राहिले. शेवटच्या दहा पायऱ्यांवर छातीत कळ आली. वर पोचले तेव्हा बोलवत नव्हतं.

"अगंबाई, केवढ्या धावत आलात!" ओगुचीसान म्हणाल्या.

"किती... किती झाले?"

"चार की. तीन मिनोरिचे मी काढले. चौथ्यालाही तिलाच उभी करत होते, तेवढ्यात तुम्ही दिसलात. तिनं हट्टच धरला, मी काढते म्हणून. म्हटलं काढ, हामासाननीच तर कॅमेरा बरा केला. तुमचाच काढला तिनं."

मिनोरिच्या गळ्यात कॅमेरा होता. ती हसली आणि म्हणाली, "काकू, तुमचं तोंड उघडं होतं."

मी तिथेच पायरीवर बसले आणि रडले. आनंदानं, यझाकिसान. पोरगी वाचली. पोरगी त्यात नाही. पहिला विचार तोच आला, देवाशपथ. दुसरा विचार यायला बराच वेळ लागला. चौथ्यात मी आहे.

बाईंना म्हटलं, हँडलमध्ये अजून दोष आहे, फिल्म फाटेल, कॅमेरा मला द्या. त्यांचा चेहरा उतरला, पण तीन तर मिळाले ना, म्हणाल्या. भल्या बाई आहेत. त्यांच्या नवऱ्यानं ती खाच कुणाच्या जाण्यानंतर बुजवली, कितींच्या जाण्यानंतर, हे विचारायची मला हिंमत झाली नाही. आणि कॅमेरा फेकून का दिला नाही, हे मी मघाशी विचार करत होते. फेकला असता तर कुणीतरी उचलला असता. दुरुस्तीला आणला असता. माझ्यासारखीनं दुरुस्त केला असता.

म्हणून तुम्हाला बोलावलं. आजच्या आज ती खाच भरा. उद्या सकाळी मी असेन नसेन, कॅमेरा ओगुचीसानच्या हातात जाईल तेव्हा तो तीनवरून पाचवरच गेला पाहिजे.

फिल्म मी धुतलीय. ती बघा, दोरीवर. पहिले तीन पाहिले. मिनोरि आहे, तिन्हींत आहे, किमोनोची फुलंसुद्धा मोजता येतील. चौथ्यावर मी कागद चिमट्यानं लावून ठेवलाय. बघितलं नाही. तीनदा हात नेला आणि मागे घेतला. तुम्ही बघाल का माझ्यासाठी? दिव्यासमोर धरा. नसले तर नाही म्हणा, सरळ सांगा. मी रडारड करणार नाही.

...

आहे? नीट बघितलंत? हात वर केलेला, तोंड उघडं... एप्रन. मीच. सबंध आहे? पायसुद्धा?

थांबा. थांबा जरा. मला हसू येतंय की रडू, माझं मलाच समजेना. देवा रे. सकाळपासून मी स्वतःला मेलेलीच धरून चालले होते. चहा द्या. नाही, राहू दे, सांडेन.

काय म्हणालात?

कुठली माणसं?

नाही, यझाकिसान. माझ्या मागे कुणी नव्हतं. लोक दोन्ही बाजूंना सरकले होते, सांगितलं ना तुम्हाला. माझ्या मागे रिकाम्या पायऱ्या होत्या... अगदी कमानीपर्यंत? सगळ्या पायऱ्यांवर? दाटीवाटीनं?

मोजू नका. भिंग घ्या, ते मोठं. तोंडं दिसतात का?

माझ्याकडे बघतायत... नाही? मग कॅमेऱ्याकडे. फोटो काढताना सगळेच भिंगाकडे बघतात.

भिंगाकडेही नाही...

थोडं वर. म्हणजे किती वर, यझाकिसान? बोटभर? सगळ्यांचीच नजर? एकाच जागी?

हा कॅमेरा छातीशी धरतात. भिंगाच्या वर धरणाऱ्याचं तोंड असतं.

माझा कोट द्या. डाख राहू दे आता. ओगुचीसान समोर मियासाकांकडे बसल्यात, मी आत्ताच काचेतून पाहिलं. म्हणजे पोर घरी एकटीच आहे.